बंद पडलेली अत्तराची पेढी पुन्हा उघडायची तर

घरात कधीकाळी अत्तराचा धंदा होता. आता माळ्यावरच्या ट्रंकेत लेबलांचे गठ्ठे, एखादी वही आणि तळाला काळपट थेंब राहिलेल्या दोन-चार कुप्या उरल्यात. तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या कुणाला तरी वाटतं, हे पुन्हा सुरू करावं. त्या माणसासाठी हा लेख आहे. त्याला रसायनशास्त्र येत नाही आणि दुकान कधी चालवलेलं नाही, असं धरूनच लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पैसे तिथेच वाहून जातात. या वाटेला लागलेले बहुतेक जण पहिला खर्च बाटलीवर करतात. जुन्या लेबलाचा फोटो डिझायनरकडे जातो, सोनेरी झाकणांचे नमुने येतात, इन्स्टाग्रामवर पान उघडतं, आणि आत काय भरायचं याचा पत्ता नसतो. आधी नाव कायद्यानं कुणाचं ते बघा, मग वही वाचा, मग वास ठरवा, मग परवाना. काच सगळ्यांत शेवटी.

नमुना म्हणून लंडनची ग्रॉस्मिथ ही पेढी डोळ्यांसमोर ठेवा. सुरुवात १८३५ ची. 'हासु-नो-हाना' (१८८८), 'फुल-नाना' (१८९१) आणि 'शेम-एल-नसीम' (१९०६) ही त्यांची गाजलेली अत्तरं. मधलं नाव सरळ आपल्याकडच्या वळणाचं; त्या काळच्या इंग्रज गिऱ्हाइकाला पूर्वेकडचं काहीही भुरळ घालायचं. पुढे दुसरं महायुद्ध, लंडनवरचे बॉम्ब, मग पेढी घराण्याबाहेर गेली आणि लोक विसरले. संस्थापक जॉन ग्रॉस्मिथ यांचे खापरपणतू सायमन ब्रुक घराण्याचा इतिहास धुंडाळत होते, त्यातून त्यांनी हे नाव परत मिळवलं, सूत्रांच्या जुन्या वह्या हाती आल्या आणि २००९ मध्ये हीच तीन अत्तरं पुन्हा बाजारात आली. ती बांधायला त्यांनी फ्रान्समधल्या ग्रास इथल्या रोबर्ते कंपनीची मदत घेतली. नाव सोडवलं, वही मिळवली, मुरलेला हात लावला आणि आरंभी तीनच अत्तरं काढली. आपल्याला याच क्रमानं जायचंय, फक्त तीनाऐवजी एकच अत्तर घेऊन.

नाव आणि भाऊबंद

पेढी भागीदारीत होती की एकत्र कुटुंबाची, हे पहिल्यांदा शोधा. भागीदारीचा करार, दुकान परवान्याचे कागद, विक्रीकराच्या नोंदी, जुनी पावतीपुस्तकं, वाटणीपत्र, जे सापडेल ते. आजोबांच्या चार भावांपैकी एकाच्या नातवानं आज उठून आडनावाचं अत्तर काढलं, तर बाकीच्या तिघांचे नातू गप्प बसतील अशी आशा धरू नका. धंदा चालत नाही तोवर कुणी विचारत नाही. वर्तमानपत्रात फोटो आला की चुलत्यांना पेढी आठवते. म्हणून सुरुवातीलाच सगळ्या शाखांशी बोला आणि वकिलाकडून लेखी ना हरकत करून घ्या. कुणाला हिस्सा हवा असेल तर तो आत्ताच ठरवा, कारण आज हिस्सा शून्य रुपयांचा आहे.

मग ट्रेडमार्क. अत्तरं, सौंदर्यप्रसाधनं आणि साबण वर्ग ३ मध्ये येतात. रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोध घेता येतो. तुमचं नाव, त्याची इंग्रजी स्पेलिंगं, उच्चाराला जवळची नावं, सगळं तपासा. तुमच्या पणजोबांच्या ब्रँडचं नाव दुसऱ्याच कुणी नोंदवलेलं निघणं अजिबात नवलाचं नाही. अशा वेळी दोन गोष्टी बघायच्या. समोरच्यानं ते सलग ५ वर्षांहून जास्त काळ वापरलेलंच नसेल, तर ते नोंदवहीतून काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो. आणि तुमच्या घराण्यानं त्याच्या आधीपासून अखंड वापरल्याचा पुरावा असेल, तर कायदा आधीच्या वापराला वजन देतो. अडचण 'अखंड' या अटीत आहे. पेढी चाळीस वर्षं बंद होती, तर तो धागा तुटलेला असतो, आणि मग नवा अर्ज हाच सरळ मार्ग. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये फी आहे, इतरांना ९,०००. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण.

वासावर मात्र कॉपीराइट मिळत नाही. सूत्र हे गुपित म्हणूनच जपावं लागतं. त्यामुळे उत्साहाच्या भरात वहीच्या पानाचा फोटो कुठेही टाकू नका. वहीचं मुखपृष्ठ दाखवा, हवं तेवढं.

वही वाचणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. घाई केली तर पुढचं सगळं वाकडं जातं.

पन्नासच्या दशकाच्या आधीची वही असेल तर ती मोडीत असण्याची दाट शक्यता आहे. कारागीर अत्तरासाठी प्रसिद्ध असलेल्या कनौजकडून आलेले असतील तर उर्दूत किंवा देवनागरी हिंदीत. मोडी वाचणारे पुण्यात, कोल्हापुरात, मुंबईत मिळतात, पण त्यांना अत्तराच्या मालाची नावं ठाऊक नसतात; म्हणून त्यांच्याशेजारी जुना काष्ठौषधीवाला बसवा. नागरमोथा, गव्हला, कचोरा, जटामांसी, दवणा, शिलारस, नखला, वाळा ही नावं तो क्षणात ओळखतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधवाद' या जुन्या हस्तलिखिताचा आणि त्याच्या मराठी टीकेचा अभ्यास करून ठेवलाय. मराठीत सुगंधी द्रव्यांबद्दल लिहिण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे, आणि एखाद्या अनोळखी नावाचा उलगडा तिथे होऊ शकतो.

तारखा शकात असतील तर ७८ मिळवा. गुजराती वळणाच्या हिशेबात विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करा, दिवाळीच्या आगेमागे एखाद्या वर्षाचा फरक धरून.

आता मापं. समजा एका पानावर असं आहे: चंदन १ शेर, गुलाब नं. २ पाच तोळे, हिना तीन तोळे, कस्तुरी दोन मासे. तोळा ११.६६ ग्रॅम, मासा त्याचा बारावा भाग, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. इथवर ठीक. पण शेर कुठला? ८० तोळ्यांचा पक्का शेर धरला तर चंदन ९३३ ग्रॅम होतं आणि गुलाबाचं प्रमाण पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येतं. मुंबईचा जुना शेर मात्र २८ पौंडांच्या मणाचा चाळिसावा भाग, म्हणजे साधारण ३१८ ग्रॅमचा. तो धरला तर गुलाब एकदम १४ टक्क्यांवर जातो. एक सौम्य चंदनी अत्तर, दुसरं गुलाबाचं. पान एकच. उत्तर त्याच पानावर शोधायचं नाही, खरेदी-विक्रीच्या खात्यात शोधायचं. एका शेराचे किती तोळे करून विकले किंवा किती कुप्या भरल्या, अशी एखादी नोंद सापडली की शेर सापडला. इंग्रजी वळणाच्या वहीत औंस आणि ड्राम असतील, तेही वजनाचे की द्रवाचे हे तपासा. मेट्रिक मापं आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्यानं आली. तोळ्यातून ग्रॅमवर उडी दिसली की पानाचा काळ ढोबळमानानं कळतो.

सगळं ग्रॅममध्ये आणि मग टक्क्यांत उतरवा. मिलिलिटर नकोत. सुगंधाचं काम वजनावर चालतं.

सगळ्यांत मोठी गाठ 'गुलाब नं. २' ही आहे. हे कुठलंच एक द्रव्य नाही. कुणीतरी व्यापारी तयार मिश्रण त्या नंबरानं विकत असे आणि तुमचे आजोबा ते आणून आपल्या अत्तरात घालत. युरोपातल्या मोठ्या घराण्यांनीही हेच केलं. फ्रान्सच्या द लेर कंपनीची 'मूस द साक्स', 'अंबर ८३' अशी तयार मिश्रणं कित्येक प्रसिद्ध अत्तरांच्या पोटात होती. मिश्रण बनवणारा बुडाला की सूत्राला भोक पडतं. अशा वेळी तीन दोऱ्या धरून ओढा: पुरवठादाराचं नाव आणि बिल, त्याच मिश्रणाचा वापर असलेली वहीतली दुसरी पानं, आणि जिवंत माणसं. पेढीवर काम केलेला शेवटचा कारागीर, शेजारचा दुकानदार, घरातल्या म्हाताऱ्या बायका. आजीला 'वास कसा होता' असं विचारलं तर ती 'छान होता' म्हणेल. त्याऐवजी तिच्यासमोर वेगवेगळे वास लावलेल्या पाच-सहा कागदी पट्ट्या ठेवा आणि 'यातला कुठला जवळचा?' असं विचारा. उत्तर लगेच येतं, आणि बहुधा ठाम येतं.

जुनी कुपी

कुपीत काही उरलं असेल तर ती अंधारात, थंड जागी, उभी ठेवा. फ्रीज चालेल, पण दारात नको. काचेचं बूच अडकलं असेल तर उकळत्या पाण्यात घालू नका. मानेभोवती कोमट कापड धरा आणि धीर धरा.

हुंगताना एक जाणून घ्या: जुन्या कुपीत वरचा वास मेलेला असतो. लिंबू, संत्रं, बर्गमोट यांची तेलं हवेनं बिघडतात आणि पहिल्या झटक्याला वार्निशासारखा उग्र वास येतो. घाबरू नका, तो जाऊ द्या. सोख कागदाच्या पट्टीवर एक थेंब घ्या आणि पाच मिनिटांनी, तासानं, सहा तासांनी, दुसऱ्या दिवशी हुंगून प्रत्येक वेळी लिहून ठेवा. खालचा थर, म्हणजे चंदन, कस्तुरीसारखी द्रव्यं, व्हॅनिला, राळ, पुष्कळदा आश्चर्य वाटावं इतका शाबूत असतो.

गॅस क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारी, तपासणी करून घ्या. माल अगदी थोडा लागतो. कनौजच्या फ्रेग्रन्स अँड फ्लेवर डेव्हलपमेंट सेंटरमध्ये ती सोय आहे. १९९१ पासूनची ही सरकारी संस्था नवख्यांसाठी अभ्यासक्रमही घेते. अहवालात घटकांची लांबलचक यादी येईल. ती आजच्या मालाची असते. तेव्हा आत काय होतं आणि काय उडून गेलं, हे यंत्र सांगत नाही. गुलाबाच्या अर्कातलं जिरॅनिऑल (गुलाबी वासाचं द्रव्य) आणि बाटलीतून ओतलेलं जिरॅनिऑल यांतही ते सहज फरक करत नाही. अहवाल आणि वही शेजारी ठेवून वाचले तरच उपयोग.

आता जे वापरता येत नाही

इथे भलेभले अडखळतात. सूत्र हाती आलं म्हणजे अत्तर हाती आलं असं नसतं, कारण त्यातला निम्मा माल आज बेकायदा, महाग, बंद किंवा बदललेला असतो.

कस्तुरी आधी घेऊ. कस्तुरीमृग वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहे. ट्रंकेत नाभी सापडली तर ती विकू नका, वापरू नका, कुणाला भेटही देऊ नका. वकिलाला विचारून वनखात्याशी बोला. अंबरचंही तसंच. देवमाशाच्या पोटातला हा पदार्थ बाळगणाऱ्यांना पकडल्याच्या बातम्या कोकणापासून मुंबईपर्यंत सतत येतात. अंबरची जागा आज अँब्रॉक्सन घेतं, जे क्लेरी सेज या वनस्पतीपासून बनतं आणि फार चांगलं काम करतं. कस्तुरीला कस्तुरभेंडीचं बी हा अस्सल देशी पर्याय आहे: मऊ, किंचित दारूसारखा, उबदार वास. माझ्या मते जुन्या अत्तरात तो कुठल्याही कारखान्यातल्या कस्तुरीपेक्षा जास्त शोभतो, मात्र महाग पडतो.

विसाव्या शतकातल्या वहीत 'मस्क अँब्रेट', 'मस्क झायलीन' अशी नावं असतील. स्वस्त आणि गोड असल्यानं ही कृत्रिम कस्तुरी साबणापासून अगरबत्तीपर्यंत सगळीकडे होती. मस्क अँब्रेट त्वचेला आणि मज्जातंतूंना घातक ठरल्यानं बाद झालं. कोष्ठाचं तेल (काही ठिकाणी उपलेट म्हणतात) त्वचेच्या ॲलर्जीमुळे सुगंधात निषिद्ध आहे, शिवाय त्या वनस्पतीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आहेत. जटामांसी आणि अगरू यांनाही कागदपत्रं लागतात.

युरोपी वळणाचं जुनं अत्तर असेल तर ओकमॉस, म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारं दगडफुलासारखं शेवाळ, येणारच. फ्रान्सच्या कोटी कंपनीच्या १९१७ मधल्या 'शिप्र' अत्तरापासून एक अख्खं कूळ या शेवाळी, मातकट वासावर उभं आहे. आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना, म्हणजे इफ्रा, तिच्या नियमांनुसार अंगाला लावायच्या अत्तरात त्याची मर्यादा तयार मालाच्या ०.१ टक्का आहे. त्यातल्या ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल या दोन घटकांवर युरोपीय संघात बंदी आहे, त्यामुळे ते काढलेला ओकमॉस मिळतो, पण तो जरा पांगळा वाटतो. आपलं दगडफूल, जे गोड्या मसाल्यात पडतं आणि शमामा अत्तरातही पडतं, ते याच दगडशेवाळाच्या जातकुळीतलं. मात्र 'आपलं आहे म्हणजे निर्धोक' असं समजू नका, तपासणी त्याचीही करायची. बर्गमोटचं तेल उन्हात कातडी भाजतं, म्हणून भाजणारा घटक, म्हणजे फ्युरोकूमरीन, काढलेलंच घ्या. लिलियल हे फुलांच्या अत्तरात सर्रास पडणारं द्रव्य युरोपात १ मार्च २०२२ पासून बंद आहे.

राहिलं चंदन. जुन्या अत्तराचा पाया तेच होतं, आणि का ते कनौजच्या भट्टीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, झाकण मातीनं लिंपलेलं, बांबूच्या चोंग्यातून वाफ खाली भपक्यात. भपका पाण्याच्या हौदात बसलेला, आणि त्यात आधीच चंदनाचं तेल. वाफ निवते, फुलांचा वास त्या तेलात उतरतो, पाणी खाली बसतं ते काढून पुन्हा देगेत जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी फुलं. कारागीर भपक्यावर हात ठेवून ताव ओळखतो. शेवटी अत्तर चामड्याच्या कुप्प्यात ठेवतात, उरलासुरला ओलावा चामड्यातून निघून जातो. चंदनाचं अस्सल तेल आज किलोला लाखाच्या वर असल्यानं बाजारातलं बरंचसं अत्तर लिक्विड पॅराफिनवर किंवा तत्सम बिनवासाच्या पातळ द्रव्यावर उतरवतात. ते फसवणूक नव्हे, जोवर सांगून विकलं जातं तोवर. पण तुमच्या वहीत ९० टक्के चंदन असेल आणि तुम्ही पॅराफिन घातलंत, तर ते त्या अत्तराचं नाव लावण्याच्या लायकीचं राहत नाही. थोडं खरं चंदन, जोडीला सँडलोर किंवा जॅव्हनॉलसारखी चंदनी रसायनं, असा मध्यममार्ग काढता येतो. मोठी घराणीही तोच काढतात.

व्हर्सायला ऑस्मोथेक नावाचं सुगंधांचं संग्रहालय १९९० पासून आहे. नामशेष अत्तरं तिथे मूळ सूत्राबरहुकूम बनवून अंधारात, गारव्यात जपतात. १८८२ चं उबिगाँचं 'फुजेर रॉयाल' तिथे हुंगायला मिळतं. ते शक्य आहे, कारण ती विकायची नाहीत. तुमचं अत्तर कुणाच्या तरी मनगटावर जाणार आहे.

काय राखायचं ते ठरवा

वहीची दहा-वीस पानं वाचली की एक सवय दिसू लागते. एखादं घराणं प्रत्येक अत्तरात चिमूटभर केवडा घालतं. दुसरं गुलाबाला कायम लवंगेची किनार देतं. तिसऱ्याच्या सगळ्या अत्तरांत वाळ्याचा ओला थंडावा तळाशी असतो. हा घराण्याचा हात. द्रव्यं बदलली तरी तो राखता येतो, आणि राखायला हवा तो हाच. एका कागदावर तीनच ओळी लिहा: हे अत्तर पहिल्या मिनिटाला कसं, तासाभरानं कसं, दुसऱ्या दिवशी सदऱ्यावर कसं. पुढे परफ्युमर (अत्तराचं सूत्र बांधणारा), चुलतभाऊ आणि गिऱ्हाईक तिघेही आपापली मतं देतील, तेव्हा हा कागद कामाला येईल.

त्याच वेळी ठरवा: तेलातलं अत्तर की स्पिरिटातला स्प्रे? नवख्यानं अत्तरापासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. स्पिरिट आलं की राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवानग्या, आगीची काळजी आणि विमानानं पाठवण्यावरचे निर्बंध असं सगळं पाठोपाठ येतं. अल्कोहोलचं अत्तर वाहतुकीच्या भाषेत ज्वलनशील माल आहे (धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत यूएन १२६६), आणि कुरिअरवाला 'आत काय आहे' म्हणून विचारतो तेव्हा खोटं सांगणं हा गुन्हा आहे.

परफ्युमर आणि चाचण्या

स्वतः शिकायचं असेल तर शिका. मुलुंडच्या वझे-केळकर महाविद्यालयात सुगंधशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. पण पहिलं अत्तर जाणत्या माणसाकडून बांधून घ्या. मुंबईत सुगंधी द्रव्यांचा संघटित धंदा जुना आहे, एस. एच. केळकर कंपनीच १९२२ ची. मोठ्या कंपन्या छोट्या मालाला सहसा दारात उभं करत नाहीत, त्यांची किमान खरेदी तुमच्या वर्षभराच्या विक्रीपेक्षा जास्त असते. स्वतंत्र काम करणारा परफ्युमर गाठा. बोलणी करताना तीन गोष्टी कागदावर आणा: सूत्राची मालकी कुणाची, तो सोडून गेला तर सूत्र तुम्हाला मिळणार का, आणि तुमची वही त्यानं कुणाला दाखवायची नाही. पुष्कळ कंपन्या सूत्र स्वतःकडे ठेवतात आणि फक्त तयार अर्क विकतात. परवडत असेल तर चालवून घ्या, पण हे ठाऊक असून घ्या.

चाचण्या १० ग्रॅमच्या करा, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. तीव्र द्रव्यं आधी १० टक्क्यांनी पातळ करून घ्या. एका वेळी एकच बदल. प्रत्येक चाचणीला नंबर, तारीख, वजनं. ताजं मिश्रण हुंगून निकाल देऊ नका. अर्क दोन ते चार आठवडे मुरू द्या. चंदन-हिना वळणाचं अत्तर तर मुरल्यावर ओळखू येत नाही इतकं बदलतं. दिवसात पाच-सहाच्या वर वास घेऊ नका. नाक थकलं की कॉफी हुंगण्याचा जो प्रकार दुकानात चालतो त्यात फार दम नाही, स्वतःची बाही हुंगा आणि गच्चीवर जाऊन या.

शेवटचे दोन-तीन नमुने त्वचेवर, सुती कापडावर, मे महिन्याच्या उकाड्यात आणि एसीच्या खोलीत असे सगळीकडे लावून बघा. ४०–४५ अंशांवर काही आठवडे आणि उन्हाच्या खिडकीत काही दिवस ठेवा. व्हॅनिला असेल तर रंग तपकिरी होणारच. ते आधीच कळलेलं बरं. विदर्भात माल पाठवणार असाल तर ही ४५ अंशांची चाचणी प्रयोगशाळेतली राहत नाही, ते तिथलं ऐन उन्हाळ्यातलं हवामान आहे.

परवाना

अत्तर कायद्यानं सौंदर्यप्रसाधन आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि सौंदर्यप्रसाधन नियम २०२० लागू होतात, महाराष्ट्रात परवाना अन्न व औषध प्रशासन (एफडीए) देतं. स्वयंपाकघरात भरून प्रदर्शनात विकणं हे लहान प्रमाणावर असलं तरी नियमबाह्यच. स्वतःचा कारखाना नसेल तर दोन वाटा: परवाना असलेल्या कारखान्याकडून बनवून घ्या, किंवा त्याच्या जागेत स्वतःच्या नावानं लोन लायसन्स काढा. पहिल्या वर्षी पहिली वाट पुरे.

अर्क देणाऱ्याकडून इफ्राचं प्रमाणपत्र, सेफ्टी डेटा शीट आणि ॲलर्जीकारक घटकांची यादी घ्या. तो हे देत नसेल तर त्याच्याकडून माल घेऊ नका. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक, वापराची मुदत, निव्वळ माप, किंमत आणि ग्राहक संपर्क लागतो. छोट्या कुपीवर हे मावत नाही, म्हणून बाहेरची खोकी लागते, आणि खोकीचा खर्च कुपीइतका येतो हे हिशेबात धरा.

बाटली, लेबल, दावे

आता काच. अत्तराच्या कुप्यांसाठी फिरोजाबादचा माल पाहा. स्वतःचा साचा पाडू नका, तयार आकारातला साधा घ्या आणि जुनेपणा लेबलातून आणा. जुनं लेबल स्कॅन करून जसंच्या तसं छापलं की ते झेरॉक्ससारखं दिसतं. अक्षरं नव्यानं काढून घ्या, रंग मूळचे दोन किंवा तीनच ठेवा. बूच कुपीत भरलेल्या तेलासोबत महिनाभर उलटं ठेवून गळती तपासा. हे कुणी करत नाही आणि मग पार्सलं चिकट होऊन परत येतात.

'स्थापना १९२६' छापायचं असेल तर १९२६ चा कागद हवा. 'मूळ सूत्र' छापू नका, कारण ते आता मूळ राहिलेलं नाही. 'आमच्या जुन्या वहीतल्या सूत्रावर आधारित' हे खरंही आहे आणि ऐकायलाही बरं वाटतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पहिली खेप

पहिली खेप लहान ठेवा. किंमत ठरवताना अर्क, कुपी, खोकी, भरणावळ, जीएसटी, दुकानदाराचं कमिशन, फुटतूट आणि फुकट वाटलेले नमुने, सगळं धरा. घरची माणसं आणि आजोबांची गिऱ्हाइकं यांच्या भरवशावर पहिले दोन महिने निघतात, तिसऱ्या महिन्यात खरा बाजार कळतो. लग्नसराई आणि दिवाळी साधायची असेल तर माल श्रावणात तयार हवा, कारण मुरायला वेळ लागतोच.

प्रत्येक बॅचमधल्या दोन कुप्या सीलबंद करून तारीख घालून कपाटात ठेवा. दुसऱ्या खेपेला मोगरा वेगळ्या हंगामाचा येईल, चंदन वेगळ्या जंगलातलं येईल, आणि गिऱ्हाईक म्हणेल, 'मागच्या वेळेसारखं नाही.' तेव्हा वाद घालण्याआधी कपाटातली कुपी उघडून शेजारी-शेजारी दोन पट्ट्या हुंगा. गिऱ्हाइकाचं बरोबर निघालं, तर खेप थांबवा आणि परफ्युमरला फोन करा.